हिमनदीसमोरचा एक तास

अण्णा, मी ह्यांना खोलीत कोंडलं होतं. दाराचं हँडल बाहेरून ओढणीने बांधलं आणि मी वर बर्फ बघायला गेले. त्याला आता पाच वर्षं झाली. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर ते माझी समजूत घालतात, तुझं तरी काय चुकलं म्हणतात. तुम्ही तसं म्हणणार नाही, म्हणून तुम्हाला लिहायला बसले आहे. तुम्हाला जाऊन तीस वर्षं होत आली. तुम्ही होतात तेव्हा माझी पत्रं चार ओळींची असायची. आम्ही खुशाल आहोत, इथे बर्फ पडतोय, तब्येतीला जपा.

तुम्ही तुमच्या जावयाला दोनदाच पाहिलंत. तो माणूस इथे कॅनडात, विंडसरला, गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात तीस वर्षं इंजिनिअर होता. घरात काही बिघडलं की बेसमेंटमध्ये नेऊन उघडून बसायचा, आणि ते परत चालू झालं की मला हाक मारून दाखवायचा. साठीच्या आतच हे विसरायला लागले. आधी माणसांची नावं गेली, मग रस्ते. एकदा शेजाऱ्याचा ड्राइव्हवे आपला समजून सकाळभर त्यावरचा बर्फ शोव्हल करत राहिले, आणि शेजारी बिचारा आभार मानायला दारात आला. एकदा विंटर टायर बदलून आणतो म्हणून गेले, ते पोलिसांनी संध्याकाळी आणून सोडले. त्या दिवशी मी गाडीच्या किल्ल्या पिठाच्या डब्यात लपवल्या. डॉक्टरांनी रोगाचं नाव सांगितलं, ते मी कागदावर लिहून घेतलं आणि कुणाला म्हणून सांगितलं नाही. टोरोंटोला बँकेत नोकरी करणाऱ्या आमच्या एकुलत्या एक लेकीलाही नाही. तिचा फोन आला की मी शेजारी उभी राहून ह्यांना शब्द पुरवायची, नाहीतर बाबा झोपलेत म्हणायची. चार वर्षं हे झोपलेलेच होते. का लपवलं, ते तुम्हाला तरी सांगायला नको. बार्शीत आईमुळे आपल्या घराला लोक वेडीचं घर म्हणायचे. माझ्या घराला कुणी काही म्हणू नये, एवढंच मला हवं होतं.

मग आमच्या लग्नाला पस्तीस वर्षं झाली म्हणून लेकीने क्रूझचं तिकीट काढलं. व्हँकुव्हरहून निघून किनाऱ्याकिनाऱ्याने उत्तरेला, अलास्काच्या हिमनद्यांपर्यंत आणि परत, सात दिवस. ती स्वतःही बरोबर येणार होती. मी नाही म्हणायला पाहिजे होतं. पण हिमनदी हा शब्द फोनवर ऐकला आणि मी हो म्हणून बसले. तिने आमच्यासाठी बाल्कनीची खोली घेतली होती. ह्यांना वारा सोसत नाही असं सांगून मी ती बदलून नुसत्या खिडकीची मागितली, जिची काच उघडत नाही. तिला ते लागलं. आपल्या आईला काही चांगलं दिलेलं चालतच नाही, असं ती कुणाला तरी फोनवर म्हणत होती.

जहाज कसलं, बारा मजली हॉटेल होतं. संगमरवरी जिने, पियानो, जेवायला पांढऱ्या चादरीची टेबलं. बाहेर दोन्ही बाजूंना काळे डोंगर आणि देवदारांची दाट रानं, त्यांच्यात एक घर नाही की एक रस्ता नाही. लोक खिडक्यांना नाकं लावून बसलेले, आणि माझी नजर ह्यांच्या पावलांवर. सकाळी ह्यांच्या तळहातावर पेनने खोलीचा नंबर लिहायचा. जेवताना वेटरने काही विचारलं की ह्यांच्या आधी आपण उत्तर द्यायचं. ह्यांना ते जहाज आपला कारखाना वाटायचं. डेकवर जाऊन लाइफबोटींच्या बोल्टांवर बोटाच्या पेराने टकटक करायचे आणि कुणाही अनोळखी माणसाला, हा बोल्ट नीट पिळलेला नाही, म्हणून सांगायचे. लोकांना वाटायचं म्हातारा मिश्कील आहे. लेकही हसायची. तिसऱ्या दिवशी हे दुसऱ्याच कुणाच्या तरी खोलीत शिरून त्यांच्या पलंगावर बसले. सगळे पॅसेज सारखे, सगळी दारं सारखी, त्यांचाही काय दोष. त्या बाईने आरडाओरडा केला नाही, पण मला म्हणाली की ह्यांना एकटं सोडत जाऊ नका. मी तिला सॉरी म्हटलं आणि खोलीत येऊन वॉशरूमचा नळ सोडून रडले. रडताना दार उघडं ठेवलं, हे दिसत राहावेत म्हणून.

चौथ्या दिवशी सकाळी जहाज हिमनदीसमोर तासभर थांबणार होतं. तुम्हाला आठवतो तुम्ही आमच्या वर्गावर घेतलेला तो नववीचा भूगोलाचा तास? बर्फाच्या कारखान्यातून अर्धी लादी सायकलच्या कॅरिअरवर गोणपाटात बांधून आणली होतीत तुम्ही, आणि तिच्या तळाला खडी थिजवून घेतली होतीत. वर्गाच्या शहाबादी फरशीवर ती आडवी ओढत नेलीत आणि म्हणालात, हिमनदी अशी चालते, दिसत नाही पण खालचा दगड खरवडते. फरशीवर पांढरे ओरखडे उमटले. पुढे हेडमास्तर तुम्हाला बोलले, पण त्या तासाला तुम्ही लहान मुलासारखे हसत होतात, बाह्या भिजलेल्या. मला तुमचा राग आला होता. कारण तेव्हाही आई घरात होती आणि बाहेरून कडी होती. तुम्ही स्वतः आयुष्यात हिमनदी पाहिली नाहीत. मला ती बघायची होती, अण्णा. चार वर्षांत दुसरं काही इतकं हवंसं वाटलं नव्हतं.

त्या सकाळी हे चिडलेले होते. कपडे घालू देईनात, मला ढकललं. मी गोळी दिली, हे आडवे झाले. मी बूट घातले आणि दारात उभी राहिले. हे उठून बाहेर पडले तर? डेकचे कठडे माझ्या छातीइतके होते, आणि ह्यांना अजून चढता येत होतं. दार आत उघडणारं, बाहेरून बंद करायची सोय नाही. पॅसेजच्या भिंतीला धरायचा लाकडी दांडा होता. हँडलपासून त्या दांड्यापर्यंत मी ओढणी ताणली आणि दोन गाठी मारल्या. गाठी ओढून पाहिल्या, पक्क्या होत्या. हे मला मुद्दाम सांगायचं आहे.

वर लेक भेटली. बाबा कुठे म्हणाली, मी म्हटलं झोपलेत. ती फोटो काढायला पुढच्या बाजूला गेली. आणि मग समोर ती भिंत आली. निळी, अण्णा, आतून दिवा लावल्यासारखी निळी, आणि तिच्या अंगावर वरून खालपर्यंत दगडमातीचे काळे पट्टे, खरवडून आणलेले. एक मोठा कडा सुटून पाण्यात पडला, आणि तो पडून गेल्यावर मग आवाज आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. डेकवर वाटाण्याचं गरम सूप देत होते, मी दोन मग प्यायले. शेजारी उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या जोडप्याला मी तुमची बर्फाची लादी सांगितली. हातवारे करून सांगितली. मी हसत होते. तासभर मला हे आठवले नाहीत.

लेक परत आली तेव्हा तिच्या हातात ओढणीचा बोळा होता. बाबांनी हे चुकवायला नको, म्हणून ती त्यांना उठवायला खाली गेली होती. ती ओरडली नाही. मला म्हणाली, “आई, आजोबांसारखं?”

मी हो म्हटलं.

खाली आमच्या खोलीत हे पलंगावर बसले होते, दोन्ही हातांची पेरं सोललेली. खोल्या आवरणारा पन्नाशीचा गोव्याचा माणूस ह्यांच्या हाताला ओला टॉवेल धरून बसला होता. त्याने आणि लेकीने मिळून गाठी सोडल्या होत्या. आत हे आईला हाका मारत होते, लेक मला नंतर म्हणाली, पण कुठल्या आईला, त्यांच्या की तिच्या, ते तिला कळलं नाही. त्या माणसाने मला हिंदीत सांगितलं की त्याला वर कळवावं लागेल, आणि त्याच्या घरीही त्याची सासू अशीच आहे. मग एक अधिकारी बाई आली. तिने मला फक्त एवढंच विचारलं, खोलीत धूर झाला असता तर? दार बांधताना आग माझ्या मनात आलीच नव्हती. ह्यांना लेकीच्या खोलीत हलवलं, आणि उरलेले दिवस आम्ही दोघी आळीपाळीने जागलो. जेवण खोलीतच यायचं, चांदीच्या झाकणाखाली. बाहेर कुठले डोंगर गेले ते मी पाहिलं नाही.

तुमच्या कडीबद्दल लेकीला कसं माहीत, तर मीच सांगितलं होतं. तिलाच काय, विंडसरच्या मराठी मंडळातल्या सगळ्या बायकांना. इथे नवीन आलो तेव्हापासून ही माझी गोष्ट होती. माझी आई मनाने आजारी होती, वडील मास्तर, शाळेत जाताना तिला बाहेरून कडी घालून जायचे, पावणेअकरा ते पाच, मधल्या सुट्टीत सायकलवरून येऊन तिला भरवायचे आणि पुन्हा कडी. शेवटचं वाक्य मी नेहमी तेच म्हणायची, की म्हणून मी शिकून एवढ्या लांब आले. बायका हळहळायच्या.

त्या गोष्टीतून एक दिवस मी कायम गाळला. कॉलेजच्या पहिल्या वर्षी मी पुण्याहून आठवडाभर घरी आले होते. तुम्ही ओट्याशी भाजी फोडणीला टाकत होतात आणि मी तुमच्या पाठीमागून म्हटलं, “तुम्ही तिला गुरासारखं कोंडता.” तुम्ही वळला नाहीत. झाकण ठेवलंत आणि म्हणालात, “मग आज तू बघ तिच्याकडे.” त्या दिवशी तुम्ही कडी न घालता शाळेत गेलात. मी आईला तेल लावलं, वेणी घातली, पायरीवर उन्हात तिच्याजवळ बसले. दुपारी पुस्तक वाचता वाचता माझा डोळा लागला. आई कुर्डुवाडीच्या रस्त्याला संध्याकाळी सापडली, रस्त्याखालच्या नाल्याच्या मोरीत पडलेली, खुबा मोडलेला. त्यानंतर ती चाललीच नाही, आणि कडीचीही गरज उरली नाही. लातूरहून मामा आला. ओसरीवर पाचपंचवीस लोक असताना त्याने तुम्हाला विचारलं, कडी लावायचं एवढं साधं भान तुम्हाला राहू नये? मी स्वयंपाकघरात दाराआड उभी होते. तुम्ही म्हणालात, “राहून गेली.” मी बाहेर आले नाही. तुम्ही तो विषय मरेपर्यंत माझ्याशी काढला नाहीत. तुम्ही एकदा तरी रागावला असतात, तर मला ही गोष्ट वेगळी सांगावी लागली असती.

व्हँकुव्हरला विमानतळावर आम्ही तिघं बसलो होतो, ह्यांचा हात लेकीच्या हातात. ती किती वर्षं झाली विचारत होती, मी सांगत होते. मग ती म्हणाली, “मला लहानपणी आजोबांचा इतका राग यायचा. आय हेटेड हिम, आई, फॉर यू.” तिला तुमच्याविषयी एवढंच माहीत आहे. सांगायचं असतं तर ती वेळ होती. मी म्हटलं, त्यांना मदतीला कुणी नव्हतं गं. एवढंच म्हटलं, आणि ते म्हणतानाही आपण फार मोठ्या मनाच्या आहोत असं मला वाटलं.

हे आता इथल्याच एका केअर होममध्ये आहेत. तिथल्या वॉर्डाच्या दाराला आकड्यांचं कुलूप आहे, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. मी रोज दुपारी मऊ वरणभात घेऊन जाते. हे मला सिस्टर म्हणतात. कधी चमचा तोंडाशी नेला की हसतात, कधी माझा हात उडवून लावतात. भात सांडला की मी उचलते, आणि मला तुमची मधली सुट्टी आठवते. वीस मिनिटांत सायकलवर येणं, भरवणं, तिचं तोंड पुसणं, परत जाणं. ते मी कधी कुणाला चांगलं म्हणून सांगितलं नाही. कडीच्या आधी घाईघाईने म्हणून जायची.

हे सगळं लेकीला सांगावं म्हणून कितीदा फोन उचलला. तिला लिहिणं मला जमत नाही म्हणून तुम्हाला लिहितेय, आणि तुम्हाला तर हे माहीतच आहे. तेव्हा हे पत्र पाठवायचं कुणाला, हा प्रश्नच नाही. ते इथेच राहील.

पण एक राहिलं. गेल्या महिन्यात मंडळाच्या हळदीकुंकवाला एक नवी मुलगी आली होती, नागपूरची, नवऱ्याच्या नोकरीमुळे नुकतीच इकडे आलेली. माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, काकू, तुमचे वडील शिक्षक होते ना, कसे होते? मी तिला बर्फाची लादी सांगितली. ती खूप हसली. मग तिथेच थांबता आलं असतं, पण माझ्या तोंडून पुढचं आपोआप निघालं. पावणेअकरा ते पाच, बाहेरून कडी, सगळं, पूर्वीसारखंच, त्याच शब्दांत. तिचे डोळे भरून आले. “बिचाऱ्या तुमच्या आई,” ती म्हणाली. मी हो ना म्हटलं, आणि तिच्या हातावर आणखी एक तिळाचा लाडू ठेवला.