जिन्याखालच्या बाथरूमचा नकाशा

३ मार्च
आईच्या खुब्याचं ऑपरेशन नीट झालं. सध्या ताईकडे आहे, एप्रिलअखेर आमच्याकडे येणार. जिना चढायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. म्हणजे जिन्याखालच्या अडगळीच्या खोलीचं बाथरूम करायला हवं. त्याला परवानगी हवी, परवानगीला नकाशा. बायको म्हणाली, कोपऱ्यावरच्या ड्राफ्ट्समनकडे देऊ, दोन दिवसांत काढून देईल. मी नुसता हसलो. सॉफ्टवेअरच्या जमान्यात ड्राफ्ट्समन! रविवारपर्यंत नकाशा तयार.

९ मार्च, रविवार
घाई नको. आधी सोपं सॉफ्टवेअर निवडायचं. अकरा सॉफ्टवेअर्सचा तुलनात्मक तक्ता केला. सोपेपणाला दहापैकी गुण. तक्ता फारच देखणा झालाय. बायकोने विचारलं, नकाशा कुठाय? मुद्दा सोडून बोलायची तिची जुनी सवय.

११ मार्च
सगळ्यात सोपं घेतलं. एक भिंत काढली. वाकडी आली. पुसली जाईना.

१२ मार्च
भिंत अजून आहे.

१५ मार्च
सॉफ्टवेअर बदललं. हे थ्रीडी दाखवतं! दिवसभर बसून हॉलमध्ये सोफा, दोन कुंड्या आणि एक कुत्रा ठेवला. आमच्याकडे कुत्रा नाही, पण आयता मिळत होता. खिडकीतून ऊनसुद्धा येतं. बाथरूम राहिलं. ते काय, पाच मिनिटांचं काम.

१६ मार्च
पाच मिनिटांत केलं. मापं अंदाजाने घातली. अठरा वर्षं राहतोय या घरात, मोजायचं काय त्यात? ताईचा फोन आला. आई रोज विचारते म्हणे, कधी न्यायला येणार. सांगितलं, नकाशा शेवटच्या टप्प्यात आहे.

१८ मार्च
परवानगीच्या ऑफिसात गेलो. रंगीत प्रिंट, चकचकीत कागद. खिडकीवरच्या बाई बराच वेळ बघत राहिल्या. मला वाटलं, भारावल्या. मग म्हणाल्या, बाथरूमला दार कुठाय? शिवाय तुमचा जिना शेजाऱ्यांच्या घरात उतरतोय. आणि हे काळं काय? म्हटलं, कुत्रा. त्यांनी 'अमान्य'चा शिक्का मारला. या लोकांना कल्पकतेचं वावडंच.

२० मार्च
आईचा फोन. म्हणाली, माझ्यासाठी धावपळ करू नकोस, इथे बरी आहे मी. मागून ताईच्या घरातला गलका ऐकू येत होता. मग म्हणाली, दार तेवढं बाहेर उघडणारं ठेव रे, वॉकर घेऊन आत वळता येत नाही. हो म्हटलं. सॉफ्टवेअरमध्ये दार आतच उघडतं. दोन तास झटलो. नंतर काही करावंसं वाटेना.

२२ मार्च
तिसरं सॉफ्टवेअर. शिकवणीचे चाळीस व्हिडिओ आहेत, सातव्यावर पोचलो. आता पकड आलीये. मध्येच बायको टेप घेऊन आली. म्हणाली, अहो, जरा टोक धरा. धरलं. मुलीच्या जुन्या आलेखवहीत तिने पेन्सिलीने काहीतरी रेघा ओढल्या. तिचंही मन रमायला हवं.

२५ मार्च
बायको तो कागद घेऊन परस्पर ऑफिसात गेली. खिडकीवरच्या बाई म्हणाल्या म्हणे, असं स्वच्छ काम हल्ली बघायला मिळत नाही. परवानगी मिळाली. माझा नकाशा आधी पाहिला असल्यामुळे त्यांना निर्णय सोपा गेला असणार. गवंडी सोमवारपासून येतोय.

२७ एप्रिल
आई आली. वॉकर टेकत टेकत थेट बाथरूमकडे निघाली. मी दारापाशी उभं राहून तिला सगळं समजावून सांगितलं: नियोजन म्हणजे काय, सॉफ्टवेअर निवडताना कसा विचार करावा लागतो, अमान्य होण्यातूनही माणूस कसा शिकतो. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, ''सगळं खरं रे बाळा, पण आता दारातून बाजूला हो. मला घाईची लागलीये.''

झालो.