चार बोटं, पण कुणाची?

तीर्थस्वरूप वन्संना,

साष्टांग नमस्कार. (आठांपैकी सहा अंगं नीट वाकली. दोन गुडघ्यांचं तुम्ही मोठ्या मनानं समजून घ्यावं.)

तुमची तब्येत कशी आहे? साखर, डोळे आणि वरच्या मजल्यावरची शेजारीण, तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा करते. परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "माझ्या अंगठ्यात आता सुई धरायचासुद्धा जीव नाही, मला बोलावू नका," आणि मी तोंड उघडायच्या आत फोन ठेवलात. म्हणून सुरुवातीलाच सांगून टाकते, की हे पत्र तुम्हाला बोलावण्यासाठी नाही. तुमच्या भाचीच्या तारखेला आता अठरा दिवस उरलेत. बॅग भरून दाराशी ठेवली आहे. प्रसूतीच्या खोलीत घरचं एकच माणूस आत सोडतात आणि ते माणूस मी, हेही ठरलेलं आहे. (कुणी ठरवलं ते विचारू नका.) तेव्हा हे पत्र निव्वळ खुशालीचं समजावं.

तर खुशाली अशी, की तुमची भावजय सेहेचाळिसाव्या वर्षी पुन्हा शाळेत जायला लागली आहे. इथल्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर गुरुवारी दुपारी एक वर्ग भरतो. गरोदरपणात आणि कळा सुरू झाल्यावर बाईची कंबर, पाय, हात नेमके कुठे दाबले म्हणजे तिला आराम पडतो, ते तिथे शिकवतात. त्याला अ‍ॅक्युप्रेशर म्हणतात. (तुम्ही त्याला "पाठ कर आणि गप बस" म्हणायचात.) शिकवणाऱ्या बाई अगदी किरकोळ अंगाच्या आहेत, पण अंगठे असे की दाराची कडी नुसत्या दाबून सरळ करतील. मी त्यांचं नाव अंगठेबाई ठेवलं आहे. तुमच्या भाचीला त्या वेळी ऑफिसातून सुटता येत नाही, म्हणून तिनं मला पाठवलं. पण वर्गात शिरताना सोबत एक पाठ आणावी लागते, त्यामुळे मी तुमच्या भावाला नेलं. घड्याळांचं दुकान दुपारभर बंद ठेवून बिचारे आले. सगळ्या जणी खऱ्याखुऱ्या पोटानिशी बसलेल्या, तेव्हा यांनाही कल्पना यावी म्हणून अंगठेबाईंनी यांच्या पोटाला पाच किलो वाळूची पिशवी बांधली. पहिली दहा मिनिटं ते लाजले. पंधराव्या मिनिटाला त्यांनी शेजारच्या बाईला, "तुम्हालाही उठताना असंच होतं का हो?" असं विचारलं. मी कंबर दाबायला घेतली तर त्यांना गुदगुल्या झाल्या, आणि अंगठेबाईंनी दाबली तर झोप लागली. आता त्यांच्या मते त्यांची अकरा वर्षांची कंबरदुखी गेली आहे आणि गुरुवार ते चुकवत नाहीत. मला एखादे वेळी बरं वाटत नसलं तर म्हणतात, "तू पड, मी जाऊन येतो."

पण खरा गोंधळ झाला तो घरी. अंगठेबाईंनी सांगितलं होतं, की पायाच्या आतल्या बाजूला, घोट्याच्या हाडापासून चार बोटं वर एक जागा आहे. मी ते वहीत लिहून आणलं आणि रविवारी सकाळी लेकीचा पाय मांडीवर घेऊन माझी चार बोटं लावली. जावईबापू जमीनमोजणीच्या खात्यात आहेत, हे तुम्हाला ठाऊकच आहे. त्यांना हे माप पटेना. "आई, बोट हे प्रमाण नाही," म्हणून त्यांनी पट्टी आणली आणि स्वतःची चार बोटं मिलिमीटरमध्ये मोजून पेनानं एक ठिपका दिला. तो माझ्या ठिपक्याच्या बराच वर गेला. मग तुमचे भाऊ डोळ्याला भिंग लावून मध्ये आले. त्यांचा ठिपका तिसरीकडेच. त्या पोरीच्या पायावर असा नकाशा तयार झाला, की कुणाला वाटावं आम्ही तिथे विहीर खणणार आहोत. ती शांतपणे वाचत पडली होती. वाचता वाचता म्हणाली, "आई, तुझ्या वहीच्या मागच्या पानावर लाल अक्षरात काय लिहिलंयस ते वाचलंस का?" लिहिलं मीच होतं, वाचलं नव्हतं. ही जागा कळा सुरू होईपर्यंत दाबायची नाही, असं ते होतं. आणि मी तर तिन्ही ठिपके एकेक करून दाबून पाहिले होते.

त्यानंतरचा पाऊण तास मी कसा काढला ते मलाच माहीत. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, हसल्या आणि म्हणाल्या, "बाळ मजेत आहे, तुमच्यापैकी योग्य पत्त्यावर कुणी पोचलेलंच नाही. पण तारखेपर्यंत हे अंगठे खिशात ठेवा." माझ्या कपड्यांना खिसे नाहीत, म्हणून तेव्हापासून मी हाताची घडी घालून हिंडते आहे. लेक म्हणते, तू सारखी रागावल्यासारखी दिसतेस.

पुढच्या गुरुवारी मी वर्गात हात वर केला आणि तीन ठिपक्यांची हकिकत सांगितली. अंगठेबाईंनी मला विचारलं, "पाय कुणाचा?" म्हटलं, मुलीचा. "मग बोटं कुणाची लावली?" मी माझा हात पुढे केला. तेव्हा त्या म्हणाल्या, की प्रत्येकाच्या शरीराचं माप त्याच्याच बोटांनी घ्यायचं असतं. दुसऱ्याची बोटं लावली की जागा चुकते. सगळ्या जणी वहीत उतरवून घेऊ लागल्या. मी नाही लिहिलं. वन्सं, मला एकदम तुम्ही दिसलात. गळ्यात टेप, ओठांत टाचण्या, आणि त्या टाचण्या न सांडता बोलायची तुमची ती रीत.

तेवीस वर्षं होऊन गेली. आपल्या त्या दोन खोल्या, बाहेरच्या खोलीत खिडकीशी तुमचं मशीन, आणि आतल्या खोलीत जडावलेली मी. मशीनचा आवाज थांबला की मला धडकी भरायची, कारण आता तुम्ही काहीतरी बोलणार. मी तुम्हाला किती भ्यायचे ते तुम्हाला कधी कळलं का? सातव्या महिन्यापासून मात्र रोज दुपारी मशीन थांबायचं आणि तुम्ही म्हणायचात, "इकडे ये. पाठ कर." जागेवरून उठायचं नाही, विचारपूस नाही. मी स्टुलावर पाठमोरी बसायची आणि तुमचा उजवा अंगठा कमरेच्या खाली, मणक्याच्या दोन्ही अंगांना असा उतरायचा की मला डोळे उघडे ठेवता येत नसत. कात्री धरून धरून त्या अंगठ्याला घट्टा पडला होता. तो टोचायचा आणि बरं वाटायचं. हे कुठे शिकलात, म्हणून मी एकदाच विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, "कुठे शिकायचंय? मशीनवर बसून माझी जिथे धरते तिथे दाबते." अंगठेबाईंच्या तक्त्यावर त्याच जागी चार ठिपके आहेत. मी मोजून पाहिले.

आणि तो दिवस. सकाळी दहाला आपण दवाखान्यात पोचलो ते दिवेलागणीला तुमची भाची बाहेर आली. मधल्या वेळात तुम्ही बसलात असं मला आठवत नाही. तुम्ही पिशवीतून शिंप्याचा निळा खडू काढलात आणि माझ्या गाऊनवर पाठीमागे फुल्या मारल्यात, म्हणजे कळ आली की जागा शोधत बसायला नको. नर्सनं विचारलं, "इथे बटणं येणार आहेत का?" तुम्ही म्हणालात, "आधी काजं करू द्या." त्या अवस्थेतही मला हसू फुटलं होतं. मग तुम्ही पायाकडे आलात. "तुझा हात दे," म्हणालात, आणि माझीच चार बोटं माझ्याच घोट्यावर ठेवून वर खडूची रेघ ओढलीत. वन्सं, आज कबूल करते, तेव्हा मला ते लागलं होतं. मला वाटलं, थोरल्या नणंदेला धाकट्या भावजयीच्या सुजलेल्या पायाला हात लावणं जिवावर आलंय. म्हणून मोजायला माझा हात, आणि दाबायला स्वतःचा एक अंगठा, कर्तव्यापुरता. हे मी तेवीस वर्षं मनात ठेवलं. तुम्ही तर माझं माप घेत होतात.

आणखी एक आहे. बाळ घरी आल्यावर आठ दिवस तुम्ही एक झबलं शिवलं नाही. "कात्रीला धार नाही," म्हणालात. अख्ख्या गल्लीचे कपडे शिवणाऱ्या आत्याच्या कात्रीला नेमकी भाचीच्याच वेळी धार नाही, हा माझा लाडका विनोद झाला. जो येईल त्याला मी तो ऐकवला. दोन-तीनदा तुमच्यासमोर ऐकवला. तुम्हीही हसलात. गेल्या गुरुवारी अंगठेबाई सांगत होत्या, फार वेळ दाबलंत तर अंगठा सुजतो, सांभाळून. त्यावर तुमचे भाऊ, पोटावर वाळूची पिशवी सावरत, अगदी सहज म्हणाले, "हो, ताईचा आठ दिवस सुजला होता. कात्रीत जातच नव्हता. तुला सांगू नको म्हणाली होती." मी विचारलं, मग तुम्ही सांगितलं का नाहीत? तर म्हणतात, "तीच नको म्हणाली होती ना." या माणसाच्या हाती लोक घड्याळं कशी विश्वासानं देतात, ते मला त्या दिवशी कळलं.

असो. पत्र लांबलं. घरी सर्व ठीक आहे, माझी तयारी पूर्ण आहे, आणि प्रवासाची दगदग करून तुम्ही येण्याचं काहीएक कारण नाही. शेजारणीला माझा नमस्कार सांगू नये.

तुमची,
धाकटी भावजय

ता. क. आत जाणारं माणूस मी, हे ठरवलं होतं ते मी. काल लेक म्हणाली, "आई, तू नको. तू माझ्याआधी रडशील. आत्याला बोलाव." जावईबापूंचं म्हणाल तर परवा तिचं रक्त तपासायला घेतलं तेव्हा खुर्ची त्यांना द्यावी लागली. मी दोन दिवस लेकीशी कामापुरतंच बोलते आहे, कारण तिचं बरोबर आहे.

पुन्हा ता. क. दवाखान्यातल्या नर्सबाईंना गाठलं. त्या म्हणाल्या, एक दाबणारी आणि एक नुसती उभी राहणारी, अशा दोघींना सोडते; पण उभी राहील तिनं मध्ये मध्ये करायचं नाही. तुम्ही आयुष्यात कधी नुसत्या उभ्या राहिला नाहीत, हे मी त्यांना सांगितलेलं नाही. दाबीन मी. तुम्ही फक्त फुल्या मारायच्या. खडू धरायला अंगठ्यात जीव लागत नाही. निळाच आणा. आणि मी चार झबली शिवली आहेत, त्यांतल्या दोनांची मान कुठे आणि बाही कुठे, ते कुणाला सांगता येत नाही.

शेवटचं. दुखऱ्या अंगठ्यासाठी एक जागा तक्त्यावर आहे. मनगटाच्या घडीपासून दोन बोटं वर, आतल्या अंगाला. रोज दुपारी तिथे दाबून द्यायला मी मोकळी आहे. पण ती माझ्या बोटांनी मोजून सापडायची नाही, आणि तुमची बोटं पाकिटात घालून पाठवता येत नाहीत. तेव्हा आता काय करायचं ते तुम्हीच बघा.