कारभाऱ्याचे बूट

एल्डरफर्ड, ८ सप्टेंबर १०९४

ती. ताईस,
धाकट्या पाद्र्याचे शि. सा. न. वि. वि.

तू मठातून पाठवलेला मलम पोचला. गुडघा तसाच आहे, पण मलमाचा वास छान आहे. इकडे सगळे खुशाल. फक्त मंगळवारी गिरणीच्या तळ्यातलं चाक थांबलं, आणि खाली पाहतो तर आपले कारभारी तुर्स्तँ अडकलेले. अंगावर तोच लाल झगा, पायात तेच टाचांना घोड्याला टोचायच्या आरा लावलेले बूट. चार दिवस दिसले नव्हते, पण कुणाला फारशी चुटपुट लागली नव्हती. चेहरा वाम माशांनी खाऊन टाकलेला. मानेमागचे केस त्यांच्या नॉर्मन पद्धतीने सफाचट, आणि ती मान सोललेल्या सलगमासारखी पांढरी. पाण्याने होत असेल तसं.

आता गावाच्या तोंडचं पाणी पळालं. कायदा तुला ठाऊक आहेच. खुनी सापडला नाही आणि मेलेला इंग्लिश आहे असं नातेवाइकांनी शपथेवर सांगितलं नाही, तर तो नॉर्मन धरायचा आणि सगळ्या मुलखाने दंड भरायचा. आपल्यातला मेला तर कुणी ढुंकून बघत नाही. तेव्हा गावाने ठरवलं की तुर्स्तँना इंग्लिश करायचं. जिवंतपणी त्यांना याहून मोठी शिवी दिली नसती कुणी.

एल्फ्रन काकूचा टोवी दोन वर्षांपूर्वी याच कारभाऱ्याशी भांडून रानात पळाला, त्याचा पत्ता नाही. म्हटलं, हाच तो टोवी. चुलतभाऊ म्हणून मी आणि आपला भाऊ ऑर्ड्रिक यांनी शपथ घेतली, आणि आई म्हणून साक्षात काकूने. झगा जाळला, घोंगडीत गुंडाळलं, डोक्याला टोपडं बांधलं. काकूने तर हट्टाने प्रेताला आंघोळही घातली. शेरीफच्या अंमलदारासमोर ती अशी रडली की त्या दगडानेही टोपी काढली. तो पूल ओलांडून गेला तरी ही थांबेना. मी म्हटलं, काकू, पुरे, गेला तो. तरी माझी बाही धरून आपलं तेच, माझा टोवी, माझा टोवी. आम्ही सगळे हसू दाबून उभे. एवढी कला तिच्या अंगात असेल असं वाटलं नव्हतं. तिला चीजचा अर्धा गोळा बक्षीस दिला.

दफन मी उरकलं. आभाळ भरून आलेलं, म्हणून प्रार्थना निम्म्याच म्हटल्या. नॉर्मनाला इंग्लिश पाद्र्याच्या तोंडून तेवढ्या पुष्कळ झाल्या.

लोभ आहेच, तो वाढवण्याची घाई नाही. मलम मात्र वाढवून पाठव.

तुझा सेविन


हेझलबेरी मठ, १३ सप्टेंबर

चि. सेविन यास,
अनेक आशीर्वाद, आणि बुद्धी असल्यास तीही वाढो.

तुझं पत्र वाचून मी देवघरात दोन तास गुडघे टेकले. एक पाद्री, एक गाव आणि एक म्हातारी मिळून देवासमोर खोटं बोलता, आणि वर मला मजा म्हणून लिहितोस. ऑर्ड्रिकला यात ओढायची काय गरज होती? आईने मरताना त्याचा हात तुझ्या हातात दिला होता, तो असा नाचवायला नव्हे.

इथे नवीन काही नाही. आमच्या नॉर्मन मठाधिपतीणबाईंना अजून आपली भाजी गिळवत नाही. गेल्या महिन्याच्या शेवटी एक यात्रेकरू आलाय, तोही त्यांच्याच मुलखाचा. यात्रेला निघालाय म्हणतो, पण आमच्या पाहुण्यांच्या खोलीपलीकडे त्याची यात्रा सरकत नाही. मानेला गळू झालंय, तर पोटीस बांधायला रोज मी. उन्हाने मान अशी रापलेली की गळू शोधावं लागतं. वर नुकतेच केस उगवताहेत, तेही टोचतात.

तऱ्हेवाईक माणूस. वाटसरू आला की विचारतो, एल्डरफर्डकडे कुणी थोर माणूस मेल्याचं कानावर आलं का? नाही म्हटलं की जेवत नाही. आपल्या गावावर कुणाचा एवढा जीव असलेला मी पहिल्यांदा पाहिला.

काकूला माझा नमस्कार सांग. आणि चीजचा अर्धा गोळा कसला देतोस, चिकटा.

तुझी ताई, गोल्डिथ


एल्डरफर्ड, २० सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न.

आज चेष्टा सुचत नाही, तरी सवयीने होईल, रागावू नकोस.

आपल्या भावाने प्रेताचे बूट काढून घेतले होते. मी झगा जाळायला सांगितला होता, बुटांचं कुणी बोललं नाही, असं त्याचं म्हणणं. आणि ते बूट घालून हा रविवारी चर्चमध्ये आला, पहिल्या रांगेत, आरा खणखणवत. त्याच रविवारी जहागीरदारसाहेब न कळवता येऊन बसलेले. ते आले होते त्यांच्या घोड्याची चौकशी करायला. तोच तो काळा लढाईचा घोडा, जो पोटशुळाने मेल्याचं कारभाऱ्यांनी कळवलं होतं. कारभारी नाहीत, त्यांचे बूट मात्र प्रार्थनेला हजर.

साहेबांनी विचारलं, बूट कुठून आणले? ऑर्ड्रिक म्हणाला, सापडले. मग माणूस कुठे, असं विचारल्यावर तो माझ्याकडे बघायला लागला. मी वेदीकडे बघायला लागलो.

आता बघ कसं झालंय. तळ्यातलं प्रेत कारभाऱ्याचं म्हणावं, तर खोट्या शपथेत सगळं गाव सापडतं आणि खून तरीही ऑर्ड्रिकच्याच माथी. न म्हणावं, तर कारभाऱ्याला मारून प्रेत कुठे लपवलं म्हणून पुन्हा ऑर्ड्रिकच. शहाणपण पाजळलं ते असं अंगाशी आलं.

निकाल देवावर सोपवलाय. मायकेलच्या सणाला, २९ तारखेला, तापून लाल झालेली लोखंडी कांब हातात धरून त्याने नऊ पावलं चालायचं. हात बांधायचा, तीन दिवसांनी सोडायचा. पू झाला तर फाशी. देवाला न्याय सांगायला पुवाखेरीज दुसरी भाषा येत नाही असं दिसतं. आणि ती कांब मंतरायची कुणी, हात बांधायचा कुणी, तर गावच्या पाद्र्याने. आईने माझ्या हातात दिलेला तोच हात.

काकू रोज थडग्यावर जाऊन बसते. मी दोनदा सांगितलं, आता गरज नाही. ती माझ्याकडे नुसती बघते.

ताई, भाजल्यावर लावायचं काही असेल तर पाठव. मला भीती वाटते.

सेविन


हेझलबेरी मठ, २४ सप्टेंबर

चि. सेविन,

आशीर्वाद नंतर. हे पत्र मठाधिपतीणबाईंच्या स्वाराबरोबर पाठवते आहे. मलम पाठवत नाही. लागणार नाही.

तू स्वतः लिहिलंस की प्रेताची मान पांढरी होती. गाढवा, नॉर्मन माणूस वर्षानुवर्षं मानेमागचे केस काढतो. यंदाच्या कापणीत केवढं ऊन होतं. तुझ्या कारभाऱ्याची मान बांधावर उभं राहून रापली नसेल? पांढरी मान त्याची, ज्याचे केस जन्मभर मानेवर होते आणि मेल्यावर कुणीतरी ते भादरले. म्हणजे आपल्यातल्याची. तुम्ही इंग्लिश माणसालाच इंग्लिश ठरवलंत. देवासमोर खरं बोललात, तेही खोटं बोलायचं म्हणून.

आणि रापलेल्या मानेला मी महिनाभर पोटीस बांधते आहे.

काल बांधता बांधता मी त्याला म्हटलं, एल्डरफर्डचा कारभारी मेला हो. मायकेलच्या सणाला त्याच्या खुन्याचा निकाल आहे. तो इतका खूश झाला की दोन वाट्या सूप प्यायला. मग म्हणाला, बिचारा तुर्स्तँ. मी नाव सांगितलंच नव्हतं. बाईंना तो त्यांच्या देशाचा म्हणून वाईट वाटलं, पण साहेबांच्या त्या घोड्याची गोष्ट मी सांगितली तेव्हा वाईट वाटायचं थांबलं. घोड्यांच्या बाबतीत त्या फार धार्मिक आहेत. आता खोलीला बाहेरून कडी आहे. परवा त्याला बांधून गाडीतून पाठवतील.

ऑर्ड्रिकला सांग, हात शाबूत राहील. पाय उघडेच ठेव म्हणावं.

एक राहिलं. तळ्यात कोण होतं मग? सेविन, एल्फ्रन काकूला सोंग वठवता येत नाही. काका गेले तेव्हा लोक काय म्हणतील म्हणून तरी रडायचं, तर तेही तिला जमलं नव्हतं. ती काय म्हणत होती ते तुम्हा शहाण्यांपैकी कुणी ऐकलं का? तिच्याकडे जा. आधी तिच्याकडे जा.

ताई


एल्डरफर्ड, १ ऑक्टोबर

ती. ताईस,
नमस्कार.

नुसत्या पत्रावर साहेब थांबेनात, म्हणून कांब तापवली होती. ऑर्ड्रिक उभा राहिला होता, अनवाणी. तेवढ्यात तुझी गाडी आली. कारभाऱ्यांना पाहून अर्ध्या गावाने भूत म्हणून क्रूसाची खूण केली. साहेबांनी पहिला प्रश्न विचारला तो घोड्याचा. विकला, असं तो म्हणाला. आपण मेलो तर कुणी हिशेब विचारणार नाही, गाव दंड भरेल आणि मिटेल, असा त्याचा बेत. आम्ही त्याला इंग्लिश करून टाकल्यामुळे बिचाऱ्याला मरताच आलं नाही.

टोवीच का, असं मी विचारलं. तो रानात एकटा सापडला, आणि मापाला बसला, असं उत्तर आलं. घोड्याबद्दल त्याचे डोळे काढणार आहेत. टोवीबद्दल साहेबांनी विचारलं, हा टोवी कोण? अंमलदाराने दप्तर उघडून सांगितलं, इंग्लिश, नातेवाइकांनी शपथेवर ओळखलेला, प्रकरण मिटलेलं.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी काकूकडे गेलो होतो. तिने प्रेताला आंघोळ घालतानाच ओळखलं होतं. डाव्या पायाची करंगळी नव्हती. लहानपणी लाकडं फोडताना माझ्याच कुऱ्हाडीने गेलेली. ताई, तिने अंमलदाराला सांगितलं, मला सांगितलं, ऑर्ड्रिकला सांगितलं. आम्ही तिला डोळा मारला. पंधरवडाभर ती सगळ्या गावाला सांगत राहिली आणि गाव म्हणत राहिलं, वा काकू. शेवटी तिने सांगायचं सोडलं.

मी माफी मागितली. तिने फळीवरून चीज काढून माझ्या हातात दिलं. फडकं सोडलेलंसुद्धा नव्हतं. म्हणाली, हे घेऊन जा, आणि त्या दिवशी तू अर्धंच म्हटलंस, ते पुरं कर.

आज सकाळी पुरं केलं. राहिलेल्या अर्ध्या प्रार्थना, सावकाश, एकही शब्द न गाळता. ऑर्ड्रिक होता. काकू शेजारी उभी होती, ती रडली नाही. मी रडलो, तर तिने माझी बाही धरली.

लोभ असू दे म्हणायला तोंड नाही. पण असू दे.

तुझा सेविन