सरांच्या टेबलावरचा हिरवा दिवा

३ मार्च, सकाळी १०
संकल्प: एलईडी ड्रायव्हरमधली, म्हणजे दिवा चालवणाऱ्या कोडमधली, चूक जेवणाआधी काढायची. मशीन झोपलं की दिवाही झोपायला हवा. झोपत नाही, बॅटरी खातो. किरकोळ काम. ड्रायव्हर मुळात सरांनी लिहिलेला. सर दोन महिन्यांपूर्वी वारले. मीटिंगमध्ये सांगून टाकलं, चूक सरांचीच. नाही म्हणायला कोण येतंय!

संध्याकाळी ६
जेवण झालं. चूक आहे. सरांच्या रिकाम्या टेबलावरचा चाचणीचा सर्किट बोर्डही जागा. मशीन झोपलेलं, दिवा हिरवागार. शुक्रवारी काकू, सरांची बायको, त्यांचं सामान न्यायला येणार, टेबल आवरून ठेव, असं बॉस म्हणाला. पाठ दुखत होती, राहिलं.

४ मार्च
दिव्याकडे बघायचं नाही असं ठरवलं. अकरा वेळा बघितलं. वॉचमन म्हणतो, सर अजून बसतात वाटतं. हसलो. मग खुर्ची फिरवून घेतली. भीती वगैरे नाही, उजेड डोळ्यांवर येतो.

५ मार्च
सर शिकवायचे: काम सुरू करताना वीज मागून घ्यायची, संपलं की सोडायची. एकदा जरी सोडायची राहिली, तरी दिवा जागाच. सगळा कोड वाचला. सरांनी जिथे मागितली तिथे सोडली आहे. भलताच काटेकोर माणूस. म्हणजे चूक फार खोल लपवलेली दिसते.

६ मार्च, दुपारी ३.१०
सापडली! मध्येच एरर आली की एक ओळ तिथूनच माघारी फिरते, वीज सोडायची राहते. ओळ कुणी घातली ते बघतो आणि सगळ्यांना मेल टाकतो.

३.१५
मी घातली. तीन वर्षांपूर्वी. खाली सरांचा शेरा: ‘इथे वीज सोडलेली दिसत नाही. बघशील का?’ त्याखाली माझं उत्तर: ‘उद्या बघतो, सर.’
मेल टाकला नाही.

७ मार्च
ओळ दुरुस्त केली. दिवा विझला. काकू आल्या. बोर्ड पिशवीत ठेवताना म्हणाल्या, दवाखान्यातसुद्धा ह्यांच्या डोक्यात तो दिवाच होता. चूक ह्यांची होती का रे? कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं असणार. सगळे माझ्याकडे बघत होते. म्हटलं, जुना कोड आहे काकू, होतं असं. पिशवी उचलून गेल्या.
घरी जाऊन फोन करायचा आणि खरं सांगायचं. नक्की.

१० मार्च
काकूंचा नंबर माझ्याकडे नाही. टेबल रिकामं, प्लगही काढलेला. तरी खुर्ची फिरवूनच बसलोय. नंबर बॉसकडे आहे. उद्या मागतो.