माळावरच्या शर्यतींची हकिगत, जळकोटच्या आत्यांस

येडशी, सोमवार

तीर्थस्वरूप सिद्धम्मा आत्यांना भाचा मल्लिनाथचा शरणार्थ. मामांनाही शरणार्थ. तुमचे गुडघे, मामांचा खोकला आणि तांबडी गाय, तिघांच्याही तब्येतीला आता उतार असेल असं धरून चालतो. इकडं आम्ही खुशाल आहोत (माझ्या पोटऱ्या सोडून).

मागं फोनवर तुम्ही विचारलं होतं की चाळिशी उलटलेला, दुकान आणि बायको दोन्ही असलेला माणूस अर्धी चड्डी घालून माळावर कशापायी पळतो. ते फोनवर मावणारं नव्हतं, म्हणून सगळा इतिहासच कळवतो.

सुरुवात पोटापासून झाली. डॉक्टरांनी मला चालायला सांगितलं, आणि हे मी स्टेशनासमोरच्या टपरीवर भजी खात सगळ्यांना सांगत होतो. कोंडीराम (शेजारचा पंक्चरवाला, ज्यानं माझ्या वरातीची जीप ढकलली होती) म्हणाला, ‘तू चालणार? तुला रामलिंगाच्या देवळात जायला बी रिक्षा लागती.’ मला राग आला आणि मी बोलून बसलो की चालत कशाला, पळत जाईन, तेही रानातून. रविवारी अख्खी टपरी मला बघायला हजर. बघायचं तर सोबत पळणं भाग होतं, त्यामुळं तेही पळाले आणि थोड्याच वेळात बघणारे पुढं, मी मागं. मी रामलिंगला पोचलो तेव्हा सगळ्यांसाठी आणलेली केळी वानरांनी संपवली होती, आणि एक म्हातारं वानर माझ्याकडं कीव आल्यासारखं बघत होतं. पण लोकांना लई मजा आली. अशी उभी राहिली आमची क्रॉसकंट्री. अध्यक्ष मला केलं, कारण शर्यत संपली की नाही हे माझ्यावरूनच कळतं.

पुढची शर्यत येरमाळ्याला. वाट चुकू नये म्हणून कोंडीरामनं शिवारातून चुन्याची रेघ मारली. नेमकी त्याच दिवशी एका लग्नघरानंही गाड्यांसाठी चुन्याचीच रेघ मारलेली. पुढचे पळणारे त्या रेघेनं थेट मांडवात शिरले. यजमान भला माणूस, त्याला वाटलं नवरदेवाकडची पोरं घाईत आहेत, त्यानं सगळ्यांना पंगतीला बसवलं. मी इतका मागं होतो की कुणी दिसतच नव्हतं, म्हणून एकटाच बरोबर वाटेनं गेलो आणि आत्या, आयुष्यात पहिल्यांदा पहिला आलो. शेवटच्या रेषेवर कुणीच नव्हतं. कोंडीराम हरवलेल्यांना शोधायला गेला होता, तोही मांडवात जेवत बसला. मी स्वतःसाठीच टाळ्या वाजवल्या. आमची ही, शिवप्रिया, म्हणते, घरात हे पुन्हा सांगू नका. म्हणून तुम्हाला सांगितलं.

आता आमच्यात पोरीबाळीही पळतात, आणि येत्या रविवारची शर्यत तुमच्या जळकोटच्या माळावर आहे. कुणाच्या रानातलं पीक तुडवलं जाणार नाही, याची काळजी घेतलीय. तुम्ही सर्वांनी यावं, प्रकृतीला जपावं, मामांना कडू काढा द्यावा.

तुमचा,
मल्लिनाथ

ता.क. खरं म्हणजे पत्र शुभांगीसाठी आहे. तुमच्या सूनबाई रविवारी पळणार आहेत. मी तिला म्हणालो की आधी घरी विचार. ती म्हणाली, ‘दादा, मी आईंना विचारणार न्हाय. सांगणार हाय.’ मी घाबरून म्हणालो, थांब, आधी मी चार ओळी लिहितो. त्या इतक्या झाल्या.

आणखी एक. ती रोज पहाटे शेळ्यांना पाला आणायला माळावर जाते असं तुम्ही कौतुकानं सांगता. पाला सोमेश कापतो. ती पळते. तुमच्या मुलाला रागावू नका, मी पाहिलंय, दमून आलेल्या तिला बघताना त्याचा चेहरा उजळतो. शेवटच्या रेषेवर तुम्ही उभ्या असलात तर तिला बरं वाटेल. ती तसं म्हणाली नाही. फक्त तुमचे गुडघे तिथवर चालतील का, एवढं मला दोनदा विचारलं.

शेवटचं. इथलं येडशीचं माहेरपण आटोपून ती आजच निघालीय, पत्र तिच्याच हाती देतोय. वाचून राग आला तर तिच्या मागं धावू नका, ती सापडायची नाही. मी कुणालाही सापडतो.