सामान साडेबाराच्या आत हललं पाहिजे

२ एप्रिल २०२५, डोंगरकडा
गाव सोडायचं ठरलं. शाळेतल्या क्लार्कीतून रिटायर होऊन वर्ष झालं, पुण्याहून मुलगा शौनक बोलावून बोलावून थकला. सामान हलवायचं खातं माझ्याकडे. चौतीस वर्षं शाळेची कोटेशनं मी मागवली. एक ट्रकवाला वाकवणं काही अवघड नाही.
बायकोची, म्हणजे प्रेमाची, अट एकच, तिचं शिलाई मशीन. सव्वीस वर्षं तिने गावाचे ब्लाऊज शिवले. म्हणाली, "मला पोरापुढं हात पसरायचा न्हाई. मशीन असंल तरच मी तिथं राहीन."
मी म्हणालो, आलंच म्हणून समज.

५ एप्रिल
हिंगोलीच्या रतनसिंगला फोन केला, त्याच्या गाड्या पुण्याला जातात. पहिलाच प्रश्न, सामान किती? अंतर तर सगळ्यांना तेवढंच, सामान गाडीत किती जागा अडवतं त्यावर रेट ठरतो म्हणे. म्हणजे यादी आखूड तर रेट आखूड. धंद्यातलं गुपित स्वतःच सांगून बसला.
व्हिडिओ कॉलवर फक्त पुढची खोली दाखवली. यादीत कपाट, पलंग, फ्रिज, भांड्यांची चार खोकी. माझ्या पंचांगांच्या दोन ट्रंका. एकेचाळीस वर्षांची पंचांगं आहेत, त्यात तडजोड नको. मशीन लिहिलं नाही, त्याचे लोखंडी पाय फार जड दिसतात. ऐनवेळी सरकवू. हमाल थोडेच मोजत बसणार?

८ एप्रिल
रतनसिंगचा फोन. पंधरा तारखेला पुण्याहून माल घेऊन गाडी येऊन राहिली, परतताना रिकामीच आहे, चौदा हजारात नेतो. पंचांग उघडलं. पंधरा तारीख मनाला पटेना. अक्षय्य तृतीया, तीस एप्रिल. माझ्या हिशेबाने साडेबाराच्या आत गाडी हलली पाहिजे.
प्रेमाचं म्हणणं, चौदा हजार हाच मुहूर्त. तिला यातलं कळत नाही.

१९ एप्रिल
तीस तारखेचा रेट सव्वीस हजार! महिनाअखेर, अक्षय्य तृतीया, दुसऱ्या दिवशी सुट्टी, आणि वर हळद. सगळ्या गाड्या म्हणे वसमतच्या मोंढा बाजारात हळद भरायला लागल्या आहेत. मी फोन ठेवून दिला. थांबायचं. रेट पडतोच.

२४ एप्रिल
रेट एकतीस हजार. आज त्याने पुण्यातला मजला विचारला. तिसरा. लिफ्ट? नाही. मग हे आधी काहून सांगितलं न्हाई म्हणे. त्याने विचारलं कुठे होतं? आमच्या गल्लीत ट्रक शिरत नाही हेही त्याने अजून विचारलेलं नाही.
शेवटी तोडगा मीच काढला. दुसऱ्या कुणाच्या सामानासोबत अर्धी गाडी, एकोणीस हजार. मुहूर्त शाबूत. समाधान आहे.

२८ एप्रिल
प्रेमा बसने पुढे गेली. जाताना मशीनला जुनी साडी गुंडाळून गाठी मारल्या. मशीन येतंय ना, तीनदा विचारलं. तीनदा हो म्हणालो. तिसऱ्यांदा जरा जड गेलं.

३० एप्रिल, सकाळी ११.४०
ट्रक हायवेलाच थांबला. घरापासून तिथवर टेम्पो, त्याचे दोन हजार वेगळे. ट्रंका जवळ उभं राहून सगळ्यात आधी चढवून घेतल्या. ट्रकमध्ये खडूची रेघ मारली आहे. रेघेपलीकडे पुसेगावच्या कुणाचा तरी संसार.

१२.१०
टेम्पोची शेवटची खेप, त्यात मशीन. आमचं सामान रेघेला टेकलेलं. रतनसिंग म्हणाला, "साहेब, हे यादीत न्हाई. ट्रंका उतरवा, न्हाई तर मशीन हितंच ठेवा." ट्रंका एकदम आत. त्या काढायला तास गेला असता.

१२.२८
गाडी हलली. मुहूर्त साधला.
मशीन शेजारच्या धुरपताबाईंच्या ओसरीत ठेवलं. प्रेमाला काय सांगू, असं त्यांनी विचारलं. आठ दिवसांत माणूस पाठवतो म्हणालो.

२ मे, पुणे
सामान पोचलं. प्रेमा जिन्यात उभी राहून एकेक वस्तू वर घेत होती. शेवटची ट्रंक आली तरी खालीच बघत राहिली. मागून येतंय, मी म्हणालो. रतनसिंगला विचारलं, तर एकट्या मशीनचेही सात हजार म्हणतो, सामान एक असो की दहा, गाडीला अंतर तेवढंच कापावं लागतं म्हणे. जूनमध्ये हळद संपली की रेट पडेल.
तिने इथल्या शेजारणीचे दोन ब्लाऊज शिवायला घेऊन ठेवले होते. संध्याकाळी कापड परत देऊन आली.

६ मे
चार दिवस प्रेमा माझ्याशी बोलली नाही. आज बॅग भरली. शौनकने तिकिटाचे पैसे पुढे केले, तिने घेतले नाहीत. मशीन घेऊन परत कधी येणार, मी विचारलं.
म्हणाली, "ते कशाला आणू? ते हाय तिथं काम हाय."
गावच्या घराची किल्ली मागितली. मी जुडगाच देऊन टाकला. नांदेडच्या बसमध्ये बसवून दिलं. निघताना तिने दिवस कसा आहे ते विचारलं नाही.
घरी आलो. खूप चुकल्यासारखं वाटतंय. ती परत येईल असा योग कधी आहे, निदान तेवढं तरी बघावं म्हणून ट्रंकेपाशी बसलो.
ट्रंकेची किल्ली त्याच जुडग्यात होती.