मीठ विसरले ते बरं झालं

आई,

शिवणकामाच्या दुकानातून आलीस की आधी हे वाच, मग पर्स ठेव. आम्ही दोघं घरात नाही, पण काळजीचं काही नाही. उलटंच आहे!

घासायला भांडी कमी पडावीत म्हणून मी एकाच कढईत चिकन, बटाटे, गाजर आणि ढोबळी मिरची शिजत टाकली. बाबांना चमचाभर रस चाखायला दिला. त्या तापात त्यांची चव आणि वास गेल्यापासून चार महिने काहीही पुढे केलं तरी ते ‘छान झालंय’ म्हणतात आणि आपण दुसरीकडे बघतो. आज त्यांनी तोंड वाकडं केलं!

“मीठ कुठाय? कॅन्टीनमध्ये मी असलं शिजवलं असतं, तर मीच मला हाकललं असतं!”

आई, मी खरंच मीठ घालायला विसरले होते!

मग त्यांनी स्वतः मीठ घातलं, चाखलं, पुन्हा चाखलं. मिऱ्यांचा डबा हुंगून म्हणाले, “यांचा वास पार उडालाय,” आणि बनियनवर शर्ट चढवून ताजे मिरे आणायला निघालेसुद्धा. पायात तुझ्या चपला आहेत. मी मागे पळतेय.

गॅस बंद केलाय. झाकण काढू नकोस, बटाटे वाफेवर होऊ देत.

परत आल्यावर ते तुझ्या कालच्या उरलेल्या सूपलाही नावं ठेवतील, पहिल्यासारखीच. तूही पहिल्यासारखीच भांड. चार महिने तू त्यांच्याशी इतकी गोड वागलीस, की त्यांना आजारापेक्षा त्याचीच जास्त भीती वाटत होती.

तुझं शेंडेफळ